अटलांटिकवरील पंचवीस तासांचा दिवस

“विमानानें सात-आठ तासांत जेथें पोंचतां येतें, तेथें सात रात्री पाण्यावर काढून जाण्यांत शहाणपण तें कोणतें?” हा प्रश्न आमच्या इष्टमित्रांनीं आम्हांस इतक्या वेळां विचारला कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहूनच द्यावें असें आम्हीं ठरविलें. कारण तसें साधें आहे. आमच्या कुटुंबास कानाचें दुखणें जुनें. कन्येकडे इंग्लंडास जातांना विमान खालीं उतरूं लागलें, तेव्हां त्यांचे जे हाल झाले ते आम्हांस पाहवले नाहींत. तेथून पुढें चिरंजीवांकडे अमेरिकेस जावयाचें होतें. पांच महिन्यांपूर्वीं झालेला नातू अद्याप मांडीवर घेतला नव्हता. तेव्हां हा दुसरा टप्पा तरी समुद्रावरून करावा असें ठरलें, आणि जून महिन्याच्या आरंभीं एका सायंकाळीं साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर आम्ही उभयतां ‘क्वीन मेरी २’ या जहाजावर चढलों.

सगळ्या दिवसांचें वर्णन करूं लागलों तर वाचक कंटाळतील. आणि खरें सांगावयाचें तर समुद्रावरचे दिवस बरेचसे एकमेकांसारखेच असतात. म्हणून त्यांतला एकच, चौथा दिवस, आम्ही येथें सांगणार आहों. हा दिवस चोवीस नव्हे, पंचवीस तासांचा होता. इंग्लंड व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पांच तासांचें अंतर आहे. पश्चिमेस जाणारें जहाज सूर्याच्या मागें मागें जात असतें. म्हणून सातांपैकीं पांच रात्रीं सर्वांनीं आपापलें घड्याळ एकेक तास मागें घ्यावयाचें असतें. विमानांतला उतारू हे पांच तास एकदम गिळतो आणि मग दोन-चार दिवस त्यांचें अजीर्ण सोशीत बसतो. बोटींतल्या उतारूस तेच तास घांस घांस करून भरविले जातात.

प्रथम या जहाजाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आज समुद्रावर प्रचंड जहाजें पुष्कळ आहेत. परंतु तीं बहुतेक विहारासाठीं बांधलेलीं. ऊन पाहून निघावें, बेटें दाखवावीं, वादळ दिसल्यास वाट वांकडी करावी, असा त्यांचा क्रम. लायनर म्हणजे निराळी जात. ठराविक दोन बंदरांमध्यें, ऋतु कोणताही असो, ठरल्या दिवशीं निघून ठरल्या दिवशीं पोंचणें हें तिचें ब्रीद. सॅम्युअल क्युनार्ड यांच्या ‘ब्रिटानिया’ नांवाच्या बोटीनें ४ जुलै १८४० रोजीं लिव्हरपूल सोडलें, तेव्हांपासून अटलांटिकवर टपालाची ही नियमित वाट पडली. त्या बोटीवर दुधासाठीं एक गाय नेत असत! पुढें १९५८ च्या ऑक्टोबरांत जेट विमानें हा महासागर नियमानें ओलांडूं लागलीं, आणि दहा-बारा वर्षांत लायनरांचें राज्य संपलें. १९३६ सालची मूळची ‘क्वीन मेरी’ १९६७ पासून कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथें बांधून ठेवलेली आहे. अटलांटिकवर नियमानें ये-जा करणारी खरी लायनर आज एकच उरली आहे, ती आमची ‘क्वीन मेरी २’.

फ्रान्समधील सँ-नाझेर येथें ती बांधली गेली व ८ जानेवारी २००४ रोजीं राणी दुसरी एलिझाबेथ यांनीं तिचें नामकरण केलें. लांबी ३४५ मीटर, माप सुमारें १ लक्ष ४९ हजार टन, उतारू सुमारें २,७०० आणि त्यांची ऊठबस करणारे व जहाज चालविणारे सुमारें बाराशें. स्टीफन पेन या शिल्पकारानें तिचा आराखडा करतांना विहारनौकांची नव्हे, जुन्या लायनरांची घडण पुढें ठेविली: नाळ लांब व अणकुचीदार, बूड खोल, पत्रे जाड. संकटकाळच्या होड्याही पाण्यापासून सुमारें २५ मीटर उंचीवर टांगल्या आहेत; अटलांटिकच्या लाटांनीं त्यांना हात लावूं नये हा हेतु. हा हेतु पोकळ नाहीं. १९९५ च्या सप्टेंबरांत ‘क्वीन एलिझाबेथ २’ ही बोट याच महासागरांत सुमारें २९ मीटर उंचीच्या लाटेस तोंड देऊन सुखरूप आली होती. ‘क्वीन मेरी’च्या बुडाखालीं विजेच्या मोटारींवर फिरणारे चार पंखे आहेत, त्यांपैकीं दोन स्वतःभोंवतीं वळूं शकतात, म्हणून निराळें सुकाणूं लागतच नाहीं. मोडल्यास बदलावयाचीं पातीं नाळेवरच्या डेकावर अशीं ऐटींत मांडलेलीं आहेत कीं, नवखा मनुष्य तीं शिल्पकाम समजून त्यांचे फोटो घेतो. आम्हींही घेतले.

चौथ्या दिवशीं पहाटें साडेपांचास जाग आली. सातव्या मजल्यावर सगळ्या जहाजाभोंवतीं फिरणारी लांकडी फळ्यांची वाट आहे. तीन प्रदक्षिणा घातल्या कीं एक मैलाहून थोडें अधिक चालणें होतें. त्या वेळींही दहा-वीस म्हातारे इंग्रज व अमेरिकन गळ्यास मफलर गुंडाळून झपझप चालत होते. रोज पाहून ओळख झालेली, म्हणून मानेनेंच रामराम होई. चोहोंकडे पाणी, आणि पाण्याचा रंग करडा. पहिल्या दिवशीं या वर्तुळाकार क्षितिजाची भीति वाटते, दुसऱ्या दिवशीं कंटाळा येतो, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाहत बसण्याखेरीज दुसरें कांहीं करावेंसेंच वाटत नाहीं. आमच्या कुटुंबास पहिले दोन दिवस बोट लागली होती; आल्याचे तुकडे व लिंबू यांवरच त्या होत्या. जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्यांत पंखासारखीं पातीं बाहेर काढून डोलणें पुष्कळ कमी करतां येतें. तरी महासागर आपलें अस्तित्व विसरूं देत नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं वरणभात मागितला, तेव्हां आमचा जीव खालीं पडला. आगाऊ कळविल्यामुळें भटारखान्यांतून तो मिळाला, आणि तोही बऱ्यापैकीं.

बाराव्या मजल्यावर उतारूंच्या कुत्र्या-मांजरांची वसाहत आहे. तेथें इंग्रज श्वानांच्या सोयीसाठीं एक विलायती दिव्याचा खांब व अमेरिकन श्वानांसाठीं तिकडल्या पद्धतीचा आगीच्या बंबाचा नळ असे दोन्ही उभे केलेले आहेत. कोणत्याही राष्ट्राची गैरसोय होऊं नये ही केवढी दक्षता! न्याहारी आटोपून आम्ही नाळेकडील ग्रंथसंग्रहालयांत गेलों. सुमारें दहा हजार पुस्तकें, आणि खिडकीशीं समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. आमच्या कुटुंबानें पिशवींतून पिंवळी लोंकर काढली. नातवासाठीं टोपडें विणावयास त्यांनीं साउदॅम्प्टनलाच आरंभ केला होता, आणि तें आतां पुरें होत आलें होतें.

त्या खुर्चींत बसून आमच्या मनांत राहून राहून आमचे आजोबा येत होते. तेही बोटीनेंच विलायतेस गेले होते, १९३२ सालीं, मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून. एडन, सुएझ, पोर्ट सय्यद व मार्सेल्स हीं नांवें आम्हीं भूगोलाच्या पुस्तकाआधीं त्यांच्या तोंडून ऐकलीं. आदल्याच वर्षीं, २९ ऑगस्ट १९३१ रोजीं, गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं ‘राजपुताना’ बोटीनें दुसऱ्या वर्गानें गेले होते. तेव्हां तरुणांस समुद्रगमनाचें भय उरलें नव्हतें. परंतु घरांत पणजीबाई होत्या. बौधायनाच्या धर्मसूत्रांत पतित करणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवासाची गणना आहे हें त्यांना वाचून ठाऊक नव्हतें, ऐकून पक्कें ठाऊक होतें. आजोबांनीं मेतकुटाचा डबा व गंगाजलाची कुपी बरोबर घेतली, आणि तीन वर्षांनीं परत आल्यावर आईच्या समाधानासाठीं मुकाट्यानें पंचगव्य घेतलें. ते म्हणत, “त्यांत माझें कांहीं गेलें नाहीं, तिला मात्र तिचा मुलगा परत मिळाला.”

याच महासागरावरून त्यांच्याही आधीं एक महाराष्ट्रीय मुलगी गेली होती. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथें भर सभेंत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें सांगितलें. ७ एप्रिलला त्यांनीं कलकत्ता सोडलें, आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कास उतरल्या. वय अवघें अठरा. बरोबर नवरा नाहीं, आई नाहीं. १८८६ सालीं त्या डॉक्टर होऊन याच पाण्यावरून परत निघाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या रक्षेचा अंश पुन्हां समुद्र ओलांडून गेला व न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत विसावला. आम्ही गुबगुबीत खुर्चींत बसून सात दिवसांत जें अंतर काटीत होतों, त्याची त्या पोरीनें केवढी किंमत दिली हें मनांत येऊन पुस्तक मिटावें लागलें.

बरोबर बारा वाजतां भोंगा झाला. जहाजाच्या धुरांड्यावर जे भोंगे आहेत, त्यांतला एक मूळच्या ‘क्वीन मेरी’चा आहे, त्याचा आवाज दहा मैलांवर ऐकूं जातो असें सांगतात. जवळ उभें राहिल्यास तो कानांपेक्षां छातींतच अधिक ऐकूं येतो. त्यापाठोपाठ कप्तानानें रोजच्याप्रमाणें जहाजाचा ठावठिकाणा सर्वांस सांगितला. ताशीं वीस-एकवीस नॉट वेगानें आपण साउदॅम्प्टनपासून अठराशांहून अधिक सागरी मैल आलों आहों. न्यू फौंडलंड बेट वायव्येस आहे. आणि दुपारनंतर धुकें लागेल. नकाशावर पाहावें तर आमची वाट सरळ नसून उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. कागदावर ती लांबची वाटते, परंतु पृथ्वी गोल असल्यामुळें तीच जवळची. घरांतल्या पृथ्वीच्या गोलावर दोन बंदरांमध्यें दोरा ताणून मुलांनीं हें अवश्य पाहावें.

दोनच्या सुमारास आम्ही खोलींत आलों तों आमचा सेवक बिछाने घालीत होता. हा तरुण गोंव्याचा, बार्देसांतला. आमचें आडनांव वाचून त्यानें पहिल्याच दिवशीं विचारलें होतें, “काका, पुण्याचे कां?” बालपण गिरगांवांत गेल्यामुळें मराठी स्वच्छ. आम्हीं ‘तुम्ही’ म्हणावयास आरंभ केला तेव्हां तो हंसून म्हणाला, “काका, मला ‘तूं’च म्हणा. ‘तुम्ही’ ऐकलें कीं कांहीं चुकलें कीं काय असें वाटतें.” त्याचा आजाही बोटीवरच होता. विलायतेस जाणाऱ्या बोटींवर दिवाणखान्याचें व भटारखान्याचें काम गोंवेकरांचें आणि डेकावर आमच्या रत्नागिरीकडचे खलाशी, हा परिपाठ कित्येक पिढ्या चालला. धोबीतलावच्या आसपास गांवोगांवच्या गोंवेकरांच्या ‘कुडी’ असत. एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत ही मंडळी तेथें राहत. आमच्या आजोबांच्या गोष्टींत कप्तान येई, दुसऱ्या वर्गाची जेवणाची घंटा येई. पण त्यांचा बिछाना घालणारा मनुष्य कधीं आलाच नव्हता. कदाचित् तो याच मुलाचा आजा असेल.

त्या दिवशीं तो नेहमीपेक्षां घाईंत दिसला. आमच्या कुटुंबानें कारण विचारलें. “अडीचला माझी सुटी, काकू. घरीं फोन करावयाचा आहे. साउदॅम्प्टनांत होतों तेव्हां अडीचला आमच्याकडे सात वाजत; पोरगी जागी असे. आज अडीचला तिकडे रात्रीचे दहा. आज रात्रीं पुन्हां घड्याळ मागें, म्हणजे उद्यां अकरा. आज भेटली तर भेटली.” मुलगी दोन महिन्यांची; तो फेब्रुवारींत बोटीवर चढला आणि ती एप्रिलांत जन्मली. आठ-नऊ महिन्यांचा करार. ऑक्टोबराखेरीज घरीं जाणें नाहीं. तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. “घर बांधावयास काढलें आहे, काकू. भिंती झाल्या, आतां कौलें घालावयाचीं.” आमच्या कुटुंबानें त्याच्या हातांतली चादर घेतली. “राहूं दे तें. चाळीस वर्षें अंथरुणें घातलीं आहेत मीं. तूं जा आधीं.” तो संकोचला, आमच्याकडे पाहूं लागला, आम्हीं दार उघडून धरलें. मग मात्र तो धांवतच गेला.

घड्याळ मागें घेणें ही आम्हांस तोंवर निव्वळ मौजेची गोष्ट वाटत होती. रोज एक तास फुकट! तोच तास कोणाचें घर रोज रात्रीं एकेक पाऊल लांब नेतो, हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें.

तीन वाजतां धुकें आलें, आणि पाहतां पाहतां नाळ दिसेनाशी झाली. दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह व उत्तरेकडून येणारा लाब्राडोरचा थंड प्रवाह या भागांत एकमेकांस भेटतात. उष्ण पाण्यावरची दमट हवा थंड पाण्यावर आली कीं तिचें धुकें होतें. अशा वेळीं दोन मिनिटांच्या आंत एकदां लांब भोंगा द्यावा असा सर्व राष्ट्रांचा नियम आहे. रडारावर सारें कांहीं दिसत असलें तरी नियम तो नियम. त्या भोंग्याच्या तालावर खालीं मोठ्या दिवाणखान्यांत तिसऱ्या प्रहरचा चहा चालला होता: पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, काकडीचे नाजूक सँडविच, वाद्यवृंद. चहा उत्तम, फक्त तो आमच्या पद्धतीनें उकळलेला नव्हता, एवढेंच. जेवणाच्या दालनांची वांटणी मात्र भाड्याप्रमाणें निरनिराळी आहे. जुने वर्ग गेले म्हणतात, परंतु त्यांची सांवली अजून जहाजावर आहे.

त्या रात्रीं ‘टायटॅनिक’ जेथें बुडालें त्या भागाच्या जवळपासून आमची वाट होती. १९१२ च्या एप्रिलांतील त्या रात्रीं धुकें नव्हतें. आकाश निरभ्र व समुद्र आरशासारखा होता, आणि म्हणूनच हिमनगाच्या पायथ्याशीं फुटणारी लाट पहारेकऱ्यांस दिसली नाहीं असें म्हणतात. जहाजावर सुमारें २,२०० माणसें आणि होड्यांत जागा ११७८ जणांस. पंधराशें जीव गेले. तें जहाज तेथें सुमारें ३,८०० मीटर खोल पडलेलें आहे. सर्वांस पुरतील इतक्या होड्या, अहोरात्र चालू असलेला बिनतारी संदेश, हिमनगांवर नजर ठेवणारें आंतरराष्ट्रीय पथक, हें सारें त्या अपघातानंतर आलें. आम्ही निघालों त्या दिवशीं धक्का सोडण्यापूर्वीं सर्वांस गळपट्टे घालून कवाईत करावयास लावली होती. तेव्हां आम्ही मनांतून हंसलों होतों. आतां कठड्याशीं उभें राहून, दर दोन मिनिटांनीं त्या धुक्यांत हांक मारणारा भोंगा ऐकतांना, हंसूं आलें नाहीं.

रात्रीं जेवणास उंची पोशाखाचा दिवस होता. आमच्या कुटुंबानें मोरपंखी पैठणी नेसली, आणि तीन बायांनीं तिच्या पदरावरून हात फिरवून पाहिला. नाच आम्हांस येत नाहीं. घटकाभर बसून पाहिला व दहाच्या सुमारास परत आलों. खोलीच्या दाराशींच आमचा गोंवेकर उभा होता. “जागी होती, काकू,” तो म्हणाला. “दहा मिनिटें होती जागी. आवाज ऐकला कीं मान वळविते.” त्यानें फोनवरचें चित्र दाखविलें. इवलेंसें तोंड, काजळाची तीट, आणि उघडें डोकें. आमच्या कुटुंबानें तें बराच वेळ पाहिलें. मग त्या आंत गेल्या, पिशवींतलें पिंवळें टोपडें काढून आणलें व त्याच्या हातांत ठेविलें. “ऑक्टोबरपर्यंत तिला घट्ट होईल. न्यूयॉर्कास उतरशील तेव्हां लगेच टपालांत टाक.” त्यानें तें दोन्ही हातांनीं घेतलें. बोलला कांहीं नाहीं. वांकून नमस्कार मात्र केला, आमच्या घरीं मुलें करतात तसाच.

शास्त्रकारांनीं समुद्रगमन कां निषिद्ध मानलें याची मीमांसा पंडितांनीं करावी. पणजीबाईंच्या मनांत काय होतें, तें मात्र आम्हांस त्या रात्रीं प्रथम कळल्यासारखें वाटलें. बाटण्याची भीति ही वरची. खालीं होती ती ताटातूट. आज प्रायश्चित्त गेलें, पंचगव्य गेलें; गांवोगांवच्या घरांतून मुलें सातासमुद्रांपलीकडे जातात, आणि फोनवर त्यांचीं तोंडेंही दिसतात. अंतर मात्र जेथल्या तेथें आहे. विमान तें झोंपेंत ओलांडतें, म्हणून तें दिसत नाहीं एवढेंच. तें सगळें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, तर एकदां तरी बोटीनें जावें. आमच्या इष्टमित्रांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच.

बारा वाजतां आम्हीं घड्याळ मागें घेतलें आणि पुन्हां अकरा वाजले. धुकें पातळ होऊं लागलें होतें; भोंगा थांबला होता. “आतां नातवाचें काय?” आम्हीं विचारलें. दिव्याखालीं बसून आमच्या कुटुंबानें नव्या लोंकरीचे टांके सुईवर घ्यावयास आरंभ केला होता. “अजून तीन रात्री आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि हा एक तास तर वरचाच मिळाला आहे.”